तांबडी काच

"हे बी कललंच," म्हणत येसूनं हिरव्या काचेची बत्ती विझवली आणि समोरचा पानाचा द्रोण रज्जाकच्या नाकाशी धरला. "बघा. माना कशा वाकड्या केल्यात मेल्यांनी."

द्रोणात भाताचे कोंब होते. पिवळट, बोटभर उंच, आणि सगळेच्या सगळे एका अंगाला झुकलेले.

रज्जाक उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. कर्जत स्टेशनात तो बत्तीवाला. सिग्नलच्या बत्त्या पुसायच्या, तेल भरायचं, संध्याकाळी शिडी चढून त्या लावायच्या, हे त्याचं काम. वरच्या ठाकुरवाडी स्टेशनातल्या बत्त्याही त्याच्याकडंच असत. घाटात आला की आपल्या मेलेल्या दोस्ताच्या, गोमाच्या, खोपटाशी तो घटकाभर टेकायचा. आज त्याच्या पिशवीत भंगारात निघालेल्या काचा होत्या. येसूनंच त्या मागून घेतल्या होत्या.

"वैनी, तुला भाजी लावायचीय का मेल थांबवायचीय?" त्यानं विचारलं.

येसू हसली नाही. हसण्याची तिची सवय मोडूनही आता बरीच वर्षं झाली होती.

काकडी, पडवळ, दुधी यांची रोपं ती पावसाच्या आधी घरातच धरायची आणि वेल चार हात उंच झाल्यासारखा भाव लावून रेल्वेच्या लोकांना विकायची. तेवढ्यावर तिचं पोट चाले. खोपटाच्या मागच्या अंगाला एक आंधळी खोली होती. बाहेर पाऊस कोसळायला लागला की द्रोण तिथं मांडायचे आणि शेजारी चिमणी ठेवायची. एका सकाळी तिनं पाहिलं, तर रोपं चिमणीकडं वाकलेली. चिमणी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर रोपंही वळून तिकडं वाकली. बाई तिथंच मटकन खाली बसली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. त्या दिवसापासून तिनं डूख धरला.

मग द्रोणांत भात पेरून बाईनं सगळे उजेड पारखले. पणती, चिमणी, रज्जाकचा पांढऱ्या काचेचा कंदील. पणतीकडं कोंब हळू कलायचे. कंदिलाकडं तर असे धावायचे, जणू लग्नातलं जेवण वाढलंय. हिरवी काच लावली, तरी तेच.

"आता राहिली तांबडी," रज्जाक म्हणाला. "गाडीच्या शेपटाला लावत्यात ती. ठेव ही बत्ती. पन सांभाळून गं, माझी नोकरी हाय."

रज्जाक पुन्हा वर आला, तेव्हा येसू दारातच वाट बघत उभी होती. हाताला धरून तिनं त्याला आतल्या खोलीच्या तोंडाशी नेलं. आतमध्ये तांबडा उजेड भिंतींवर कुंकू सारवल्यासारखा पसरला होता. आणि त्या उजेडात कोंब सरळ उभे होते. एकानंसुद्धा मान वळवली नव्हती.

"मी दुसऱ्या अंगाला पणती लावली," येसू म्हणाली. "कोंब पणतीकडं गेले. एवढी मोठी बत्ती हिकडं, आन तिला कुनी विचारीना."

आणि मग ती हसली. रज्जाकला ते हसणं काही आवडलं नाही.

"वैनी, हे सगळं कशापायी?"

"धाऊ पाटलापायी," येसू म्हणाली.

पोशीर नदीच्या पलीकडं धामणपाडा नावाचं गाव होतं. तिथल्या देवळात गोमा गुरव होता. देवीला रोज पाणी घालायचं, दिवा लावायचा, सणाला नथ चढवायची आणि सण सरला की ती पाटलाच्या हाती द्यायची, हा त्याचा वडिलोपार्जित मान. नथ दोघांच्याच हाती लागायची, गुरवाच्या आणि पाटलाच्या. एका वर्षी नथ नाहीशी झाली. धाऊ पाटील भर देवळात म्हणाला, "गोम्यानं खाल्ली." गोमा म्हणाला, "मी नाय." मग गावच्या म्हाताऱ्या भगतानं, पोशानं, निवाडा केला. "घटाचा कौल लावा."

हा कौल त्या गावाचा जुना. नवरात्रात देवीपुढं परडीत माती घालून धान्य पेरतात, घट बसवतात. भांडण असलं, की परडीच्या दोन्ही अंगांना दोघं आपापला दिवा लावतात आणि देवळाचं दार ओढून घेतात. आत फक्त पोशा म्हातारा जातो, पाणी शिंपडतो, दोन्ही दिव्यांत तेल घालतो. दसऱ्याला दार उघडायचं. रुजवण ज्याच्या दिव्याकडं कलली, देवी त्याच्या बाजूची.

गोमानं मातीची पणती लावली होती. धाऊनं मुंबईहून आणलेला काचेचा कंदील.

आता तुम्हीच सांगा, काय होणार होतं?

दसऱ्याला गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या मुंडाशात पोशानं रुजवणीचा तुरा खोवला, पण गोमापाशी आल्यावर हात मागं घेतला. एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण त्यानंतर गोमाच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही. नवरा-बायको गाव सोडून घाटात आली. गोमा रेल्वेच्या टोळीत दगड फोडायला लागला आणि पुढं एका पावसाळ्यात हिवतापानं गेला.

येसूला नवरा गेल्याचं दुःख होतंच, नाही कशाला म्हणा? पण तिच्या काळजात रुतून बसलं होतं ते वेगळंच. गोमा भांडला नाही. "मी नथ घेतली नाय," असं तो कौलाच्या आधी ओरडून सांगायचा. कौलानंतर ते सांगणंच त्यानं सोडून दिलं. तापात पडल्यापडल्या तो बायकोला म्हणाला होता, "देवी खोटं कसं बोलंल गं? माझ्याच हातून कायतरी घडलं आसंल. मला आठवत नाय, एवढंच." स्वतःच्या चांगुलपणावरचा विश्वासच त्या कंदिलानं जाळला होता. तो मेला तो आपण चोर असू, असं मानूनच मेला. हे येसूला कधीच विसरता येणार नव्हतं.

"धाऊला मी गावाम्होरं नागडा करनार," ती रज्जाकला म्हणाली. "त्याच देवळात. त्याच परडीवर. माझ्या दादल्याची मान जशी खाली गेली, तशी त्याची जायला पायजे."

"आन नथ त्यानं घेतली नसंल तर?"

"नसली घेतली, तर नसली," येसू म्हणाली. "माझ्या दादल्यानं तरी कुठं घेतली हुती?"

रज्जाक म्हणाला, "बत्ती तुझ्याकडंच र्‍हाऊ दे. काच तडकलेली हाय, कुनी विचारनार नाय. पन वैनी, तांबडी बत्ती धाऊच्या बाजूला लागायला पायजे. तो कशाला लावंल? त्याच्याकडं कंदील हाय की."

"तो लावंल," येसू म्हणाली. "त्याला दुसऱ्याच्या ताटातलंच मोठं दिसतं. ल्हानपनापासून तसाच हाय."

घट बसायच्या दिवशी येसू धामणपाड्यात उतरली. गाव देवळात जमलं होतं. तिला पाहून बायकांनी पदर तोंडावर घेतले. ती थेट पोशा म्हाताऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कौल लावा," ती म्हणाली. "देवीची नथ धाऊ पाटलाकडं हाय, आसं माझं म्हननं हाय."

धाऊ पाटील खांबाला टेकून बसला होता. अंगानं सुटला होता, कपाळावर मोठा गंधाचा टिळा होता. त्या कौलापासून माणूस मोठा देवभक्त झाला होता. दर मंगळवारी उपास, देवीला चोळी, आरतीत सगळ्यांच्या वर आवाज.

"बाई भ्रमिष्ट झाली," तो म्हणाला. "आन दिवा लावायचा सवाष्णीनं न्हाईतर बाप्यानं. ही कसा लावनार?"

"दिवा माझा नाय, गोमाच्या घरचा हाय," येसू म्हणाली. "का भ्या वाटतंय, पाटील?"

भीती? पाटलाला? तो उठून उभाच राहिला. "लाव गं लाव! देवी माझी हाय. समद्या गावानं बघितलंय."

पोशानं परडी मांडली. माती, धान्य, वर घट. धाऊचा गडी कंदील घेऊन आला. येसूनं आपलं गाठोडं सोडलं. आधी एक पणती बाहेर काढली, काठाला टवका उडालेली. गोमाची पणती. ती तिनं बाजूला ठेवली, जशी काही ती तिच्या कामाचीच नव्हती. मग फडक्यातून बत्ती काढली, वात पेटवली आणि काच बंद केली.

सगळा गाभारा तांबडा झाला. देवीचा मुखवटा, शेंदूर, भिंती, बायकांचे चेहरे. "आगं बया!" असं कोणीतरी पुटपुटलं. एका म्हातारीनं हात जोडले. "आईचाच रंग गं. कुंकवाचा उजेड पडलाय."

येसू धाऊकडं बघत होती. धाऊ बत्तीकडं बघत होता. त्याचा कंदील त्या तांबड्या उजेडापुढं अगदीच फिका दिसत होता, आणि हे त्यालाही दिसत होतं.

"पोशाबाबा," तो म्हणाला, "पाटलाचा मान पहिला का नाय?"

"हाय की."

"मग दिवा मी आधी निवडनार. ही बत्ती माझ्या अंगाला लावा."

"आगं बाई!" येसूनं कपाळावर हात मारून घेतला. "माझी बत्ती हाय ती! किती वनवन करून आनली! पाटील, तुमाला कंदील हाय की वो! गरिबाचं काय म्हनून हिसकून घेता?"

"देवीला मोठा दिवा पाटलानंच लावावा. गुरवानं पणती लावावी. गोम्यानं पणतीच लावली हुती, तीच लाव," धाऊ म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती बत्ती उचलून परडीच्या उजव्या अंगाला ठेवली.

येसू रडली. खरंच रडली. डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी तिला काही करावं लागलं नाही, नुसती गोमाची आठवण पुरली. पण पदराआड तिचे दात आवळलेले होते. पणती पेटवून तिनं ती डाव्या अंगाला ठेवली. पोशानं बजावलं, "आता दसऱ्यापत्तुर दिवा हालवायचा नाय." आणि दार ओढून घेतलं.

त्या दिवसांत येसू देवळाच्या पायरीवरच बसून राहिली. गावात तिला कोण घरात घेणार होतं? आलेगेले तिला टाळून जात. फक्त धाऊची बायको मोतीबाई एकदा दुपारची आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी होती.

"खा गं," ती म्हणाली.

"तुमच्या घरची? नको."

मोतीबाई तशीच बसून राहिली. बारीक, वाळलेली बाई. बराच वेळ ती पायरीवरच्या मुंग्या बघत होती. मग म्हणाली, "येसू, कौल मागं घे."

"का?"

"त्यांना झोप नाय. ते रोज रातीला देवळाच्या मागल्या भिंतीला कान लावून बसत्यात. मागल्या कौलापासून ते बदललं गं. दारू सोडली. अंगावर हात टाकनं सोडलं. देवीनं आपल्याला पोटात घेतलं, आसं म्हनत्यात. ह्या खेपेला देवी फिरली, तर ते मरत्याल."

पोटात घेतलं? काय पोटात घेतलं? तिनं मोतीबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि मोतीबाईनं मान फिरवली. तेवढ्यानं येसूला जे कळायचं ते कळलं. नथ धाऊनंच घेतली याची आतापर्यंत खात्री नव्हती, ती आता झाली.

"मरू देत," ती म्हणाली. "माझा मेला तेवा तुमच्या घरात पुरनपोळी शिजली हुती."

मोतीबाई भाकरी तिथंच ठेवून उठून गेली. येसूनं ती भाकरी देवळामागच्या कुत्र्याला घातली. कुणी याला निर्दयपणा म्हणेल. म्हणो बापडे. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं.

दसऱ्याच्या सकाळी पोशा म्हाताऱ्यानं देवळाचं दार उघडलं.

आधी दिसला तो तांबडा उजेड. बत्ती अजूनही ऐटीत जळत होती. आणि परडीत रुजवण होती, सोन्यासारखी पिवळी, दाट, वीतभर. अख्खी रुजवण डावीकडं, टवका उडालेल्या पणतीकडं, नमस्काराला वाकल्यासारखी वाकली होती. तांबड्या बत्तीकडं तिची पाठ होती. एक कोंब, एकच कोंब तरी चुकून तिकडं वळलेला असावा! नव्हता.

पोशा म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. "गोमा," तो म्हणाला. "आरं गोमा, चुकलो रं."

धाऊ पुढं झाला. परडीजवळ गुडघ्यांवर बसला. त्यानं हातानं रुजवण आपल्या बाजूला वळवून बघितली. ती परत पणतीकडं गेली. पुन्हा वळवली, पुन्हा गेली. भर गावासमोर तो मोठा माणूस पोरासारखा तेच करत बसला होता, आणि कुणी त्याला थांबवत नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तू तर माफ केलं हुतंस मला. मागं तूच माफ केलं हुतंस."

आपण काय बोललो हे त्याला कळलंच नाही. गावाला मात्र कळलं.

मोतीबाई कधी निघून गेली ते कुणाला दिसलं नाही. ती परत आली, तेव्हा तिच्या साडीला भाताचा कोंडा लागलेला होता. भाताच्या कणगीच्या तळातून काढलेलं एक मळकं फडकं तिनं देवीपुढं सोडलं. आत नथ होती. मोती काळवंडले होते, पण नथ तीच होती.

"मला ठावं हुतं," मोतीबाई येसूला म्हणाली. "पन कौल यांच्याकडनं लागला. मग मी म्हनलं, देवीलाच चाललंय, तर मी कोन बोलनारी?"

आता येसूची वेळ होती. याच क्षणासाठी ती जगली होती. खोपटात कोंबांपुढं बसून तिनं धाऊला द्यायच्या शिव्या मनात घोकल्या होत्या, थुंकायचं कुठं हेसुद्धा ठरवलं होतं. ती धाऊच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत तिला धाऊ दिसलाच नाही. तापातला गोमा कण्हताना असंच बघायचा. देवीनं टाकलेल्या माणसाची ती नजर तिनं महिनोन्‌महिने उशाशी बसून बघितली होती.

"तुला सांगू का, पाटील?" ती म्हणाली.

धाऊ वाट बघत राहिला. तांबड्या काचेची एवढी एक गोष्ट सांगितली असती, तर त्याच्या जिवाला थंडावा मिळाला असता. देवीनं पाठ फिरवलेली नाही, हा नुसता उजेडाचा खेळ आहे, हे त्याला कळलं असतं.

"नाय सांगत," येसू म्हणाली. "तू बी तसाच र्‍हा."

गाव तिच्या पाया पडायला लागलं. पोशा म्हाताऱ्यानं रुजवणीचा सगळ्यात मोठा तुरा काढून तिच्या हातावर ठेवला. "हा गोमाच्या घरचा मान. त्या साली मी हात मागं घेतला हुता," तो म्हणाला. येसूनं तुरा पदरात बांधला, पणती घेतली आणि ती निघाली. बत्ती तिथंच राहिली. ती उचलायला गावातलं कुणी धजेना.

नेरळहून ती गाडीनं कर्जतला आली. फलाटावर रज्जाक बत्त्या पुसत बसला होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. नथ त्याच्याच घरात घावली."

"या अल्ला! मग देवीनंच केलं म्हनायचं."

येसूनं त्याच्याकडं बघितलं. रज्जाकनं स्वतः काच आणली होती, स्वतःच्या डोळ्यांनी कोंब बघितले होते, आणि तोसुद्धा असं म्हणत होता. "चहा पाजा रज्जाकभाय," एवढंच ती म्हणाली. त्यानं पाजला.

ठाकुरवाडीला उतरेपर्यंत उन्हं कलली होती. खोपटाचं दार उघडून ती आत गेली. खुंटीवर गोमाचं मुंडासं होतं. तो गेल्यापासून तिनं ते हलवलं नव्हतं. ती धूळ झटकायची आणि परत तसंच ठेवायची. तिनं पदराची गाठ सोडली. तुरा वाटेत थोडा मलूल झाला होता. मुंडाशाच्या घडीत, पुरुष खोवतात तसा, डाव्या कानाच्या अंगाला तिनं तो खोवला.

"ऐकताय का?" ती म्हणाली. "तुमी चोर नव्हता. देवीनं बी तुमाला टाकलं नव्हतं. त्याचा दिवा मोठा हुता वो. नुसता दिवा मोठा हुता."

तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग पणती पुसून कोनाड्यात ठेवली, मुंडाशाच्या अगदी जवळ, आणि पेटवली. तोडलेले कोंब आता कुठंच वळणार नव्हते, हे तिला माहीत होतं. तरी ती समोर बसून बघत राहिली.